साक्षीदार बाकी

बेल वाजवली की ते दोन पावलं मागे सरकायचे आणि भिंतीला खेटून उभे राहायचे. टोपी काखेत. दार उघडणाऱ्याला आधी त्यांचा पुढे काढलेला चेहरा दिसायचा, मग हातातली फाईल, आणि अंगावरची खाकी सगळ्यांत शेवटी. तोवर त्यांचं ठरलेलं वाक्य बोलून झालेलं असायचं. "घाबरायचं काही नाही, चांगल्या कामाला आलोय."

मी त्यांना एकदा विचारलं होतं, की हा काय प्रकार? ते म्हणाले, "दारात पोलीस दिसला की बाईमाणसाच्या पोटात गोळा येतो, ताई. साध्या पासपोर्टासाठी कशाला कुणाला घाबरवायचं?"

ते हवालदार होते. खाडीच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात पासपोर्टच्या पडताळणीचं काम करायचे, म्हणजे अर्जदाराच्या घरी जाऊन तो खरंच तिथे राहतो का, त्याच्यावर काही गुन्हे आहेत का, हे बघून अहवाल द्यायचा. मी ठाणे शहरातल्याच एका पोलीस कार्यालयात आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, रजा आणि शिक्षेचे कागद बघणाऱ्या शाखेत, कारकून होते. कुठल्या कार्यालयात ते विचारू नका, माझी पेन्शन चालू आहे. आम्ही दोघंही कोपरीत राहायचो. त्यांची भाड्याची खोली आमच्या मागच्या गल्लीत होती, त्यामुळे ते मला ऑफिसात जितके भेटायचे तितकेच भाजीच्या गाडीवरही भेटायचे. नाव सांगत नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा हवालदार असेल, त्याचाच चेहरा लावून घ्या.

कामाला ते अतिशय हळू. दुसरा कोणी दहा मिनिटांत दोन घरं उरकेल, यांना एका घराला तास लागायचा. भिंतीवरच्या फोटोतला म्हातारा कोण, मुलगी कुठे दिली, गाव कुठलं, सगळी विचारपूस व्हायची. अर्जात पिनकोड चुकला असेल तर स्वतःच्या पेनाने दुरुस्त करून द्यायचे आणि वर ओरडायचेही, की शिकलेली माणसं तुम्ही, असं कसं लिहिता. पोहे पुढे आले की नाही म्हणायचे नाहीत. माझ्या नवऱ्याने त्यांचं नाव 'पोहे पडताळणी' ठेवलं होतं, आणि ते त्यांना कळल्यावर स्वतःच जाऊन चार जणांना सांगून आले.

कोळीवाड्यातल्या बायका मात्र त्यांना मोकळं सोडायच्या नाहीत. पोरगा बोटीवर नोकरीला निघाला, त्याचा पासपोर्ट झाला, की म्हातारी दारात हजर. "आरं घे, पैसं नाय देत तुला, म्हावरं देतंय," असं म्हणून पिशवी हातात कोंबायची. हे पिशवी घेऊन गल्लीतून जाताना असे चोरट्यासारखे चालायचे, की सगळ्या गल्लीला कळायचं आज यांच्याकडे बोंबील आहेत.

आता माझं सांगते. ते सांगायलाच बसले आहे.

माझ्या मुलीला पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचं होतं. पासपोर्टच्या पडताळणीला हेच आले. मी एकतीस वर्षं पोलीस खात्यात काढलेली बाई, मला वाटलं पाकीट दिलं नाही तर माणूस म्हणेल ऑफिसातली ओळख दाखवते. द्यायची रीत आहे असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. निघताना मी फाईलवर पाकीट ठेवलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मुलीकडे, आणि फाईल तशीच बंद करून गेले. मला आत कुठेतरी बरं वाटलं. आपल्यासारखाच आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ऑफिसात माझ्या टेबलापाशी आले. रजेचा अर्ज पुढे ठेवला. अर्जाच्या घडीत माझं पाकीट होतं, चिकटवलेलं होतं तसंच.

"तुमच्या कागदांबरोबर चुकून आलेलं, ताई," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मुलीसमोर परत द्यायला नको वाटलं."

मी पाकीट खणात टाकलं आणि त्यांच्या रजेच्या अर्जावर शिक्का मारला. शिक्का वाकडा पडला. त्यानंतर ते भाजीच्या गाडीवर भेटले तेव्हा त्यांनी मुलीची चौकशी केली, व्हिसा झाला का विचारलं, आणि त्या गोष्टीचा एका अक्षरानेही उल्लेख केला नाही. लाज राखणारी माणसं कमी असतात. दुसऱ्याची लाज राखून ते विसरूनही जाणारी तर फारच कमी.

या गोष्टीला तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा ते प्रकरण निघालं. त्यांच्या पोलीस ठाण्यात पासपोर्टच्या कामावर तीन माणसं होती. बाकीचे दोघे कसे होते ते सगळ्यांना माहीत होतं. एकाने तर एका विधवेला सहा महिने खेटे घालायला लावले होते. कुणीतरी निनावी अर्ज केला, त्यात तिघांची नावं घातली. पाठोपाठ त्या दोघांपैकी एकाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग मोबाइलवरून गावभर फिरलं. वरून फोन यायला लागले, की काय करताय.

हे कळायला थोडा कायदा सांगावा लागेल. सरकारी नोकराला काढायचं तर आधी दोषारोप द्यावे लागतात, साक्षीदार तपासावे लागतात, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. पण संविधानात एक वाट ठेवली आहे. चौकशी करणं व्यवहार्यच नाही, असं कारणासहित लिहिलं, तर एका आदेशाने माणूस घरी बसवता येतो. खटला नाही, चौकशी नाही. आणि मी काही या वाटेच्या विरुद्ध नव्हते, आजही नाही. चौकशा दहा-दहा वर्षं रखडतात, साक्षीदार फुटतात आणि खाणारा सुखाने निवृत्त होतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. त्या दोघांबद्दल मला आजही काडीचं वाईट वाटत नाही.

पण नावं तीन होती आणि मसुदा मला करायचा होता.

आमच्याकडे कुठलाही मसुदा कोऱ्या कागदावर सुरू होत नाही. मागची फाईल काढायची, तिच्यातला मजकूर उतरवायचा, नावं बदलायची. याला आम्ही 'मागीलप्रमाणे' म्हणतो. मागची फाईल होती एका फौजदाराची, जो खरोखर गुंडांबरोबर बसायचा उठायचा. तिच्यात वाक्य होतं, की सदर इसमाची परिसरात दहशत असल्याने त्याच्याविरुद्ध साक्ष देण्यास कोणीही पुढे येणार नाही, सबब विभागीय चौकशी करणे व्यवहार्य नाही. ते वाक्य मी पहिल्या नावापुढे उतरवलं. दुसऱ्या नावापुढे उतरवलं. तिसऱ्या नावापुढे लिहिलं, 'उपरोक्तप्रमाणे'.

ज्या माणसावर कोपरीतली कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती, त्याची परिसरात दहशत.

मसुद्याबरोबर टिप्पणी जाते. त्यात कारकुनाने आपल्याला माहीत असलेली वस्तुस्थिती लिहायची असते. तिथे मला एक ओळ लिहिता आली असती, की क्रमांक तीनबाबत साक्षीदार उपलब्ध आहे. साक्षीदार त्याच टेबलावर बसून टिप्पणी लिहीत होता. पण ती ओळ लिहायची म्हणजे मी पाकीट देऊ केलं होतं हेही लिहायला हवं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. देणाराही गुन्हेगार असतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी ती ओळ लिहिली नाही. मनाशी म्हटलं, साहेब वाचतील, त्यांच्या लक्षात येईल. साहेबांच्या टेबलावर त्या दिवशी चाळीस फायली होत्या. सही झाली.

आदेश बजावला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आले. अंगात साधा शर्ट होता. इतक्या वर्षांत ऑफिसात मी त्यांना साध्या कपड्यांत पहिल्यांदाच बघत होते, आणि ते एखाद्या अर्जदारासारखे दिसत होते. साहेबांनी भेट नाकारली. मग ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, आदेशाची घडी उलगडली आणि दहशतीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, ही माझी?"

मी म्हटलं, साहेबांचा निर्णय आहे. अपिलात जा.

"अपिलात जातो. पण माझी चौकशी लावा ना." एखादा माणूस आपलीच चौकशी लावा म्हणून मागतोय, असं मी नोकरीत कधी ऐकलं नव्हतं. "दोषी निघालो तर काढा. पण मी घेतलं का, एवढं मला कुणीतरी विचारा तरी."

त्यांनी आदेशाची घडी घातली. मग म्हणाले, "माझ्या बाजूने सांगणारा एक साक्षीदार आहे तसा." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघितलं. "पण त्यांना आपण होऊन सांगायला नको वाटतं. नोकरी आहे त्यांची."

मी खाली वाकून कपाटातली एक फाईल शोधायला लागले. मला कुठलीच फाईल नको होती. वर बघितलं तेव्हा ते गेलेले होते.

त्यानंतर मी भाजी दुसऱ्या गाडीवरून घ्यायला लागले. महिना दोन महिन्यांत त्यांनी कोपरीतली खोली सोडली आणि आंबिवलीला मेहुण्याच्या चाळीत राहायला गेले, असं कळलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. गल्लीत त्यांचा विषय निघायचा. कोळीवाड्यातली एक म्हातारी तर रस्त्यात मला अडवून म्हणाली, "बाय, तू त्या हापिसातली ना? त्याला कनी कारला गो? तो काय चोर हाय?" मी म्हटलं, वरून आदेश आला. किती सोपं आहे ते वाक्य. वर कोण आहे हे कुणी विचारत नाही.

मी निवृत्त झाले. हार, शाल, भाषणं, सगळं झालं. एका सहकाऱ्याने भाषणात म्हटलं, की मॅडमच्या हातून तीन दशकांत एकही चूक झाली नाही. टाळ्या पडल्या, मीही हात जोडले.

ते गेल्याचं मला कळलं ते माजिवड्याला, एका लग्नात. जुना एक हवालदार जेवता जेवता सहज म्हणाला, की अहो, ते आपले पासपोर्टवाले, आठ महिने झाले, छातीत दुखायला लागलं आणि कल्याणला नेईपर्यंत संपलं. माझ्या ताटात जिलबी होती. मी ती खाल्ली. त्या वेळी मी दुसरं काय करू शकत होते ते मला आजही सुचत नाही. पुढच्या आठवड्यात मी आंबिवलीला गेले.

त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. उंच, बारीक, बोलायला फटकळ बाई. त्यांनी मला ओळखलं, आत बसवलं, पाणी दिलं. मी काय बोलावं ते ठरवून गेले होते, पण तिथे बसल्यावर पाणीच पीत राहिले. मग वहिनीच बोलायला लागल्या.

त्या सांगत होत्या, की इथे आल्यावर पहिले दोन महिने ते नुसते बसून असायचे. मग एक दिवस जाडी वही घेऊन आले आणि म्हणाले, खातं माझी चौकशी करत नाही तर आपण करू. तू चौकशी अधिकारी, मी अपचारी. अपचारी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, खात्यातला शब्द. रोज चारचा चहा झाला की वहिनींना खुर्चीत बसवायचे आणि स्वतः समोर स्टुलावर. प्रश्न वहिनींनी विचारायचा, उत्तर त्यांनी द्यायचं, दोन्ही लिहायचं, आणि प्रत्येक पानाखाली दोघांनी सही करायची. अगदी खात्यात करतात तसं.

"मला काय येतंय चौकशी?" वहिनी म्हणाल्या. "मी एकदा विचारलं, लग्नातली माझी अंगठी मोडलीत ती कुणाला विचारून? तर चिडले. म्हणाले, हा प्रश्न दोषारोपात नाही."

त्यांनी वही आणली. मी पानं उलटत गेले. त्यांचं अक्षर मला माहीत होतं, रजेच्या अर्जांवरचं. *प्रश्न: आपण अर्जदारांकडून कधी काही घेतले काय? उत्तर: होय. बोंबील दोनदा, कोलंबी एकदा. परत करणे शक्य झाले नाही, शिजवले होते.* त्याखाली वहिनींच्या अक्षरात शेरा होता, *कोलंबी तीनदा*, आणि त्याखाली पुन्हा त्यांचं, *मान्य आहे*. पोह्यांचीसुद्धा कबुली होती. एका घरी लवकर काम करून द्या म्हणून पाचशे रुपये हातात ठेवले ते त्यांनी घेतले होते, बायकोच्या आजारपणात. तेही लिहिलं होतं, कुणीही विचारलं नव्हतं तरी. म्हणजे अगदीच धुतल्या तांदळासारखा माणूस नव्हता तो. पण त्याला ते सांगायचं होतं, आणि ऐकायला आम्ही कुणी बसलो नाही.

मी हसतही होते आणि डोळे पुसतही होते. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"चौकशी पुरी नाही झाली," त्या म्हणाल्या. "निष्कर्ष राहिला लिहायचा. मी म्हणायचे, लिहून टाकू या, संपवा एकदाचं. ते म्हणायचे, नाही. एक साक्षीदार बाकी आहे. साक्षीदार बाकी असताना निष्कर्ष लिहिला तर ते बेकायदेशीर. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?"

शेवटून तिसऱ्या पानावर वर लिहिलं होतं, *बचावाचा साक्षीदार क्रमांक एक*. नावाची जागा रिकामी होती. खाली तीन प्रश्न होते आणि प्रत्येकाखाली उत्तरासाठी चार ओळी सोडलेल्या. आपण मला किती वर्षे ओळखता? आपण मला काही देऊ केले होते काय? मी त्याचे काय केले?

मी चौथा प्रश्न शोधत होते. पान उलटून मागे बघितलं, पुढे बघितलं. आपण त्या वेळी का बोलला नाहीत, हा प्रश्न कुठेही नव्हता. जो माणूस मला विचारा म्हणून शेवटपर्यंत मागत राहिला, त्याने मला विचारायचं टाळलं होतं. त्याने तो प्रश्न ठेवला असता तर बरं झालं असतं. मला निदान उत्तर तरी द्यावं लागलं असतं.

"वहिनी," मी म्हटलं, "तो साक्षीदार मी आहे."

"माहितीय मला," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "मी म्हटलेलं, मी जाते कोपरीला, पाय धरते त्यांचे. त्यांनी शपथ घातली. म्हणाले, त्या आपणहून आल्या तरच. बोलवायचं नाही."

आणि मी दोन वर्षांहून जास्त काळ आले नव्हते. कोपरीहून आंबिवली काही लांब नाही.

अपील अजून चालू आहे, आता वहिनींच्या नावाने. वकिलाने सांगितलंय, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर उपयोग होईल, निदान त्यांच्या नावावरचा डाग निघेल आणि वहिनींना पेन्शन लागेल. ते मी करून देणार आहे, त्यात पाकिटाचंही लिहिणार आहे. माझ्यावर काय शेकायचं ते शेकू दे. माझ्या मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई, ते काका मला आठवतात.

पण त्या दिवशी वकील नव्हता, नुसती वही होती. वहिनींनी मला पेन दिलं. मी तीनही उत्तरं लिहिली, नावाच्या जागी नाव लिहिलं, खाली सही केली. चौकशी अधिकारी म्हणून वहिनींनी सही केली. अपचाऱ्याच्या सहीची जागा तशीच राहिली. अपचारी मयत झाला की खात्यातली चौकशी आपोआप बंद होते, हा नियम मला पाठ आहे. तो मी वहिनींना सांगितला नाही.

त्यांनी शेवटचं पान उघडलं, वर 'निष्कर्ष' असं लिहिलं आणि पेन धरून थांबल्या. हे कसं लिहितात ते मला येत नाही, तुम्ही तर जन्मभर हेच केलंत, तुम्ही सांगा, मी लिहिते, असं म्हणाल्या.

मी सांगायला लागले. माझ्या तोंडी तीच भाषा आली, दुसरी मला येतच नाही. सदर प्रकरणी चौकशी करणे व्यवहार्य होते. त्यांनी लिहिलं. सदर कर्मचाऱ्याची परिसरात कोणतीही दहशत नव्हती. तेही लिहिलं. साक्षीदार स्वतःहून पुढे आला.

इथे त्यांचं पेन थांबलं. वहीवरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "उशिरा, असं घालू का?"

"घाला," मी म्हटलं.

त्यांनी घातलं.